कापूस, सरकी आणि खाजेचा किडा

बालमित्रांनो, मराठीत एका अक्षराचे शब्द किती आहेत, मोजून पाहा बरं. मी, तू, तो, ही... आणि ऊ! अक्षर एकच, जीवही तिळाएवढा. पण वर्गात नुसतं कोणी ओरडलं, "मॅडम, हिच्या डोक्यात ऊ आहे!" की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. शेजारची मुलगी सरकून बसते. मागच्या रांगेत खसखस पिकते. आणि जिच्या डोक्यात ऊ असते, ती मान खाली घालून पाटीवर उगाच रेघा ओढत बसते.

मी उमरखेडला प्राथमिक शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. आमचा तालुका यवतमाळ जिल्ह्याच्या अगदी टोकाला आहे. पैनगंगेच्या अलीकडे विदर्भ आणि पलीकडे मराठवाडा. कापूस, सोयाबीन, ऊस, हळद पिकवणारा हा मुलूख. त्यामुळे गाय, बैल, शेळी, कोंबडी ही जनावरं आमच्या मुलांच्या ओळखीची. पण माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी वेगळेच पाहुणे राहायला आले. तिच्या मामांनी नांदेडहून दोन गिनीपिग आणून दिले. एक पांढराशुभ्र, त्याचं नाव तिनं ठेवलं कापूस. दुसरी करड्या रंगाची, ती सरकी. गल्लीतलं कोणी त्यांना ससे म्हणायचं, कोणी बिनशेपटीचे उंदीर. उंदीर म्हणणारे फार चुकत नव्हते. उंदीर, घूस, खार, हॅम्स्टर आणि गिनीपिग हे सगळे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या एकाच मोठ्या कुळातले. त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून ते सारखं काहीतरी कुरतडत असतात.

पावसाळ्यात एके दिवशी मधल्या सुट्टीत या मुलीची आई शाळेत आली. चेहरा त्रासलेला होता.

"मॅडम, पोरगी तुमचंच ऐकते. तिले सांगा, ते दोन उंदरं घरात नको मले. आधी त्याहीले खाज सुटली, केस झडले. मंग पोरीच्या डोक्यात उवा झाल्या. आता सासूबाई म्हनतात, उंदरानं पलेग येते. शेजारच्या भाऊजीनं फवारनीचं औषध देल्लं आहे. ब्रशनं लावून देतो म्हनतात, नाहीतर नदीकडं नेऊन सोडतो."

"ताई," मी म्हटलं, "सोडायचं की ठेवायचं, ते नंतर ठरवू. ती औषधाची बाटली मात्र आज उघडू नका. मुलांच्या हाताला लागणार नाही अशी कुलपात ठेवा."

त्या बोलण्यात तीन प्रश्न होते. उवा गिनीपिगमुळे झाल्या का? त्यांना फवारणीचं औषध लावलं तर काय होईल? आणि त्यांच्यामुळे प्लेग येईल का? तिन्ही प्रश्न मी दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिले. मुलीचं नाव घेतलं नाही. पण वर्गाला सगळं माहीत होतंच. दोन दिवसांपासून तिला 'उंदीरवाली' म्हणणं सुरू झालं होतं, आणि पट्टीवर तिच्या दोन्ही बाजूंची जागा मोकळी होती.

पहिला प्रश्न सोपा आहे. उवांनाही आपापलं गाव असतं! माणसाच्या डोक्यातली ऊ माणसाच्याच डोक्यात राहते. तिच्या पायांना आकड्यासारखी नखं असतात आणि ती माणसाचा केस पकडायलाच घडलेली असतात. डोक्यावरून खाली पडली, तर एक-दोन दिवसांत ती उपाशी मरते. गिनीपिगच्या उवा वेगळ्या जातीच्या, बारीक लांबट. त्या गिनीपिगच्याच अंगावर जगतात. पांढऱ्या उंदराच्या उवा आणखी वेगळ्या. म्हणजे कापसाची ऊ मुलीच्या डोक्यात नांदू शकत नाही, आणि मुलीची ऊ कापसाच्या अंगावर नाही.

"मग हिच्या डोक्यात आल्या कुठून?" एकानं विचारलं.

आल्या दुसऱ्या डोक्यातून. खेळताना डोक्याला डोकं लागलं, एकीची फणी दुसरीनं वापरली, एका उशीवर दोघी झोपल्या की ऊ चालत चालत पलीकडे जाते. त्या शनिवारी मी एकेका मुलीला बाजूला घेऊन बारीक दातांच्या फणीनं डोकी पाहिली. आणखी पाच जणींच्या डोक्यात उवा किंवा लिखा निघाल्या. त्यांतल्या दोघी 'उंदीरवाली' म्हणण्यात पुढे होत्या! नावं मी कोणालाच सांगितली नाहीत. सगळ्या घरी एकसारखी चिठ्ठी पाठवली. सोमवारपासून ते चिडवणं आपोआप कमी झालं.

पण कापसाच्या अंगाला खाज तर सुटलेलीच होती. तिचं कारण शोधायला हवं होतं. रविवारी मी मुलीच्या घरी गेले, सोबत शाळेच्या विज्ञानपेटीतलं भिंग आणि एक काळा कागद नेला.

मुलांनो, पाळलेल्या उंदरा-गिनीपिगांच्या अंगावर बाहेरून राहणारे पाहुणे मुख्यतः तीन. पहिली ऊ. तिला सहा पाय, ती केसांतून हळू चालते आणि आपली अंडी, म्हणजे लिखा, केसाला घट्ट चिकटवते. दुसरी पिसू. तिलाही सहा पायच, पण अंग दोन्ही बाजूंनी चपटं आणि उडी जबरदस्त. तिसरा माइट. हा सगळ्यांत लहान, अर्ध्या मिलीमीटरहूनही बारीक. पूर्ण वाढलेल्या माइटला आठ पाय असतात, कारण तो कीटक नाही, कोळ्यांच्या कुळातला आहे. बैलाच्या कानातली गोचीडही याच कुळातली. तुमचे बाबा पिकावर पडणाऱ्या 'लाल कोळी'विषयी बोलत असतील, तोही माइटच! माणसाला खरूज होते, ती करणारा किडाही माइट. फक्त प्रत्येकाचं घर वेगळं. कोणाचं पानावर, कोणाचं केसांत, कोणाचं कातडीच्या आत.

आम्ही कापसाला काळ्या कागदावर ठेवून मऊ ब्रशनं त्याचे केस विंचरले. पांढरा भुसा पडला. तो भिंगातून पाहिला. त्यातला कण हालला-चालला, तर ऊ किंवा केसांतला माइट समजायचा. न हालला, तर तो कोंडा. इथे काहीच हाललं नाही. पण पाठीवरचे आणि मांड्यांवरचे केस गेलेले, कातडी जाड आणि लालसर झालेली. नुसता हात लावला तरी कापूस 'व्हीक व्हीक' करून किंचाळायचा. मुलीनं बाही वर करून दाखवली. तिच्या हातावरही दोन-तीन लाल पुरळ उठले होते.

"याला दवाखान्यातच न्यावं लागेल," मी म्हटलं. "त्यादिवशी रात्री तर त्यानं झटके देल्ले मॅडम," मुलगी हळूच म्हणाली, "मले वाटलं, मेला." आणि तिला रडू आलं.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी, ती आणि तिची आई पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. आमच्या पुढे एक गाय आणि दोन शेळ्या होत्या. पिशवीतून गिनीपिग निघाल्यावर सगळे हसले. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी बोथट पात्यानं कापसाची कातडी हलकेच खरवडली, काचपट्टीवर तेलाचा थेंब टाकून ते खरवडलेलं त्यात घेतलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. मग मुलीला जवळ बोलावलं. "बघ, काय दिसतं?"

तिनं एक डोळा मिटला, दुसरा भिंगाला लावला. "मॅडम! गोल गोल आहे... चालून राह्यलं ते!"

तो होता गिनीपिगच्या खरजेचा माइट. तो कातडीत बोगदे खणतो आणि तिथेच अंडी घालतो. खाज इतकी भयंकर असते, की जनावर खाणं सोडतं, आणि कधी कधी त्याला झटकेही येतात. डॉक्टर म्हणाले, "हे किडे माणसाच्या हातावर थोडे दिवस पुरळ उठवू शकतात, पण माणसाच्या अंगावर त्यांचा संसार होत नाही. गिनीपिग बरे झाले की पुरळही जाईल. तोवर बाही खाली ठेवून हाताळायचं, नंतर साबणानं हात धुवायचे. पुरळ वाढलं तर माणसांच्या डॉक्टरांना दाखवा." म्हणजे आईचंही थोडं खरं होतं. डोक्यातल्या उवा गिनीपिगच्या नव्हत्या, पण हातावरचं पुरळ त्यांचंच होतं.

आता दुसरा प्रश्न, औषधाचा. आईनं डॉक्टरांना फवारणीच्या बाटलीचं सांगितलं, तसे ते खुर्चीतून पुढे झुकले. "ताई, किडा मेला असता आणि जनावरही मेलं असतं. पोरगी त्याला उचलून घेते, तिलाही बाधा झाली असती."

आपल्या जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि मजुरांचा जीव गेला. शेकडो जणांना दवाखान्यात भरती व्हावं लागलं. जे विष धट्ट्याकट्ट्या माणसाला आडवं करतं, ते मुठीएवढ्या प्राण्याच्या कातडीला चोळायचं? शिवाय हे प्राणी दिवसभर स्वतःला आणि एकमेकांना चाटून स्वच्छ करतात. अंगाला लावलेलं सगळं पोटात जातं. रॉकेल, डांबराच्या गोळ्या, कापूर, मुंग्या मारायचा खडू, कुत्र्याच्या पिसवांची पावडर, माणसाच्या उवांचं औषध, यांतलं काहीही गिनीपिगला किंवा उंदराला आपल्या मनानं लावू नये.

डॉक्टरांनी आधी वजन विचारलं. गुरांच्या काट्यावर कापूस कसा मोजणार? मग आम्ही कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेलो. इलेक्ट्रॉनिक काट्यावर एक टोपली ठेवली आणि त्यात कापसाला. दुकानदार म्हणाले, "मॅडम, हे काय भावानं?" टोपलीचं वजन वजा करून कापूस भरला आठशे ग्रॅम, सरकी सातशे.

हे गणित मी नंतर वर्गात घातलं. बैल चारशे किलोचा आणि गिनीपिग आठशे ग्रॅमचा, तर एका बैलाच्या वजनात किती गिनीपिग बसतील? उत्तर आलं पाचशे. म्हणजे बैलाच्या मापानं औषध दिलं तर? गिनीपिगला पाचशे पट डोस! आणि पांढरा उंदीर पंचवीस ग्रॅमचा असेल तर? सोळा हजार पट. सगळा वर्ग 'बापरे' म्हणाला. म्हणूनच एवढ्या लहान जिवासाठी डॉक्टर औषध पातळ करतात आणि थेंब मोजून देतात. हे काम त्यांचंच. घरी सिरिंज आणून करायचं नाही.

डॉक्टरांनी दिलेलं औषध होतं आयव्हरमेक्टिन. त्याची गोष्ट फार छान आहे. जपानचे शास्त्रज्ञ सातोशी ओमुरा ठिकठिकाणची माती गोळा करून त्यातले जिवाणू तपासायचे. एका गोल्फ मैदानाजवळच्या मातीत त्यांना एक नवा जिवाणू सापडला. अमेरिकेत काम करणारे विल्यम कॅम्पबेल यांनी त्या जिवाणूपासून जंत आणि किडे मारणारा पदार्थ शोधला. त्यावरून तयार झालेल्या औषधानं गुरांचे, माणसांचे कितीतरी आजार आटोक्यात आले. २०१५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं. त्या चिमूटभर मातीचं पुण्य उमरखेडच्या कापसापर्यंत पोहोचलं!

एका डोसानं मात्र काम भागत नाही. औषधानं चालते-फिरते किडे मरतात, अंडी टिकतात. काही दिवसांनी त्यांतून पिल्लं निघतात आणि खाज पुन्हा सुरू. म्हणून पिल्लं मोठी होऊन अंडी घालण्याआधी पुढचा डोस द्यायचा. डॉक्टरांनी दर बारा दिवसांनी, एकूण तीन वेळा बोलावलं. आणि एकट्या कापसाला नाही, सरकीलाही. तिला खाज दिसत नव्हती, तरीही! एका पिंजऱ्यातले सगळे प्राणी एकदमच बरे करायचे असतात. आपल्या घरी एकाला खरूज झाली तर सगळ्यांना औषध लावतात, तसंच.

पिंजऱ्याचं काम मुलीनं अंगावर घेतलं. जुना भुसा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कचऱ्यात. पिंजरा, भांडी कडक पाण्यानं आईकडून धुऊन घ्यायची आणि उन्हात वाळवायची. प्राण्यांना मात्र उन्हात ठेवायचं नाही, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर मुळीच नाही. गिनीपिगला ऊन सोसत नाही, तो उष्माघातानं मरतो. भुशाऐवजी काही दिवस कोऱ्या कागदाच्या पट्ट्या अंथरायच्या आणि रोज बदलायच्या.

डॉक्टरांनी आणखी एक विचारलं, "यांना खायला काय देता?" "पोळी, बिस्किट, मुरमुरे," मुलगी म्हणाली. तिथेच एक मेख होती. माणसासारखंच गिनीपिगलाही क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाही. ते खाण्यातून मिळालं नाही तर तो अशक्त होतो. आणि अशक्त जनावरावर किडे लवकर माजतात. म्हणून त्याला रोज भरपूर स्वच्छ गवत, कोथिंबीर, ढोबळी मिरचीचा तुकडा आणि पेरूची छोटी फोड द्यायची. गंमत पाहा, गिनीपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा, म्हणजे पेरू देशाकडचा. पेरूच्या प्राण्याला आमच्याकडे पेरू! गवत मात्र फवारलेल्या शेताच्या बांधावरचं आणायचं नाही.

आता राहिला आजीचा प्रश्न. पलेग.

आजी उगाच घाबरत नव्हत्या. त्यांना १९९४ सालच्या बातम्या आठवत होत्या. त्या वर्षी बीड जिल्ह्यातल्या मामला गावातून आणि पाठोपाठ सुरतेहून प्लेगच्या बातम्या आल्या आणि सगळीकडे घबराट पसरली होती. त्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी, १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तिथून पुण्यात पोहोचला. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. तेव्हा हा रोग पसरतो कसा, हे कोणालाच नीट कळलेलं नव्हतं. पुढच्याच वर्षी, १८९८ साली, पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत प्रयोग करून दाखवलं, की उंदरांचा प्लेग पिसवांमार्फत पसरतो. पण कितीतरी लोकांचा त्यांच्यावर विश्वासच बसला नाही.

तो विश्वास पटवण्यात मोठा वाटा होता आपल्या मुंबईचा. आणि कोणाचा, ठाऊक आहे? गिनीपिगांचा! परळच्या प्रयोगशाळेत, जिला आज हाफकिन संस्था म्हणतात, शास्त्रज्ञांनी १९०५ नंतर बरेच प्रयोग केले. ज्या जागी प्लेगच्या उंदरांच्या पिसवा होत्या, तिथे काही गिनीपिग जमिनीवर मोकळे सोडले. काही दोन फूट उंच टांगलेल्या पिंजऱ्यात ठेवले. जमिनीवरच्यांना प्लेग झाला. टांगलेले वाचले. हवा दोघांना सारखीच होती. मग फरक कशाचा? पिसू तेवढी उंच उडी मारू शकत नाही, एवढाच! रोग हवेतून नाही, पिसवेच्या चाव्यातून येत होता. उंदीर मेला की पिसवा त्याचं थंड अंग सोडून दुसरं रक्त शोधायला निघतात, आणि मग माणसाला चावतात.

मी आजींना म्हटलं, "आजी, कापसाच्या अंगावर पिसवा नाहीत, खरजेचा किडा आहे. त्यानं प्लेग येत नाही." आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग खरं भेव कोनाचं?"

भीती बाळगायची ती मोकाट उंदरांची. घरातले, कोठारातले, शेतातले उंदीर आपल्या पिसवा आणि माइट पिंजऱ्यापर्यंत आणतात. म्हणून धान्य झाकून ठेवायचं, पिंजरा जमिनीवर ठेवायचा नाही आणि रानातलं उंदराचं पिल्लू किंवा खार उचलून घरी आणायची नाही. मेलेल्या उंदराला उघड्या हातानं शिवायचं नाही. एकाच भागात बरेच उंदीर मेलेले दिसले, तर आरोग्य केंद्रात सांगायचं. २०१८ साली नागपूर आणि विदर्भाच्या इतर भागांत स्क्रब टायफसची साथ आली होती. तो आजार गवता-झुडपांतल्या माइटच्या पिल्लांच्या चाव्यानं होतो, आणि ही पिल्लं रानातल्या उंदरांवर पोसतात. म्हणून पावसाळ्यात गवतातून आल्यावर अंग धुवायचं, कपडे बदलायचे. ताप आला आणि अंगावर कुठे काळपट खपली दिसली, तर लगेच डॉक्टरांकडे जायचं. वेळेवर औषध मिळालं की हा आजार बरा होतो.

तिसऱ्या डोसापर्यंत कापसाच्या पाठीवर बारीक लव उगवली. दीड महिन्यात पाठ भरली. मुलीचे हात त्याआधीच स्वच्छ झाले होते. फणी आणि चिकाटीनं उवाही गेल्या. फवारणीची बाटली आईनं शेजारी परत केली. आणि आजी? त्या आता सकाळी कोथिंबीर निवडताना काड्या बाजूला काढून ठेवतात.

पालकांना एक विनंती. उवा झाल्या म्हणून आपण लेकराला घराबाहेर काढत नाही. मग त्यानं जीव लावलेल्या प्राण्याला खाज सुटली म्हणून नदीकाठी सोडून देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेला गिनीपिग बाहेर एक रात्रही काढू शकत नाही, आणि मूल ते विसरत नाही. प्राणी घरात आणण्याआधी जवळ डॉक्टर कुठे आहेत, ते पाहून ठेवा. आणि तो आजारी पडला तर मुलाला बरोबर घेऊन दवाखान्यात जा. काय झालंय, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या.

आणि मुलांनो, तुमच्याकडे उंदीर, हॅम्स्टर किंवा गिनीपिग असेल, तर येत्या रविवारपासून एक वही करा. दर आठवड्याला त्याचं वजन लिहा. कान, मान आणि पाठ केस बाजूला करून पाहा. काळ्या कागदावर ब्रश फिरवा. नवा प्राणी आणलात तर पंधरा दिवस वेगळ्या पिंजऱ्यात ठेवा. वजन उतरलं, केस गेले किंवा कागदावरचा कण चालू लागला, तर वही आणि प्राणी दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा. आमच्या वर्गात कापसाची अशी वही आहे. गेल्या आठवड्यात तो नऊशे ग्रॅम भरला!